आमच्या ट्रकला हिरवा रंग का दिला नाही

माझा मुलगा आपल्याच शाळेत नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत परत जाताना तो एक छायाचित्र सोबत घेऊन गेला. त्यात आमच्या गोठ्यात उभा असलेला जुना लष्करी ट्रक आहे आणि ट्रकच्या पायरीवर माझे वडील बसले आहेत. पुढच्या रविवारी फोनवर तो म्हणाला, "बाबा, ट्रक सगळ्यांना आवडला. पण सगळे एकच विचारतात, लष्करी ट्रक आणि तांबडा कसा?"

प्रश्न बरोबर आहे. घरी आलेले पाहुणेही तोच विचारतात. उत्तर फोनवर देण्याइतकं लहान नाही, म्हणून मराठी पानासाठी लिहून पाठवतो आहे.

आधी थोडी ओळख. आम्ही तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांनी 1676च्या सुमारास तंजावरची गादी घेतली आणि 1855 साली ते राज्य खालसा झालं. त्या काळात इकडे आलेल्या घराण्यांपैकी आमचं एक. घरात मराठी बोलतो. ती ऐकून तुमच्यातले काही हसतील, कारण निम्मे शब्द जुने आणि निम्मे तमिळ. ओरत्तनाडू तालुक्यात आमची थोडी भातशेती आणि नारळाची बाग आहे. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. ते 1964 साली आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि 1984 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांतली चार वर्षं सिक्कीमच्या डोंगरात 'निसान वन टन' चालवण्यात गेली.

जबलपूरच्या कारखान्यातून निघालेल्या लष्करी गाड्यांमध्ये तीन नावं जुन्या सैनिकांच्या तोंडी अजून आहेत : शक्तिमान, जोंगा आणि निसान. शक्तिमान हा जर्मन 'मान' कंपनीच्या रचनेवरचा मोठा ट्रक. जोंगा आणि वन टन या दोन्ही निसानच्या परवान्यावर बनलेल्या. वन टनला सहा सिलिंडरचं, 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन असतं आणि चारही चाकांना ताकद पोचते. गाडी फार वेगात धावत नाही, पेट्रोल मात्र पाण्यासारखं पिते. पण चिखलातून आणि बर्फातून ती बाहेर येते, आणि अप्पांच्या मते ड्रायव्हरला गाडीकडून एवढंच हवं असतं.

आमची गाडी लष्कराने लिलावात काढल्यावर आधी एका दगडखाणीत गेली, मग एका भातगिरणीत. 2009 साली आम्ही ती भंगाराच्या भावाने घेतली. अप्पांना ती हवी होती. का, ते त्यांनी सांगितलं नाही. गोठ्याच्या एका बाजूला गाय आणि दुसऱ्या बाजूला ट्रक, अशी ती नऊ वर्षं उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालत.

मग 2018च्या नोव्हेंबरात 'गजा' चक्रीवादळ आलं. पंधरा तारखेच्या रात्री सुरू झालेल्या वाऱ्याने सोळाच्या सकाळपर्यंत ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै, पेरावूरणी या भागातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या. आमच्या गोठ्याचं छप्पर उडालं आणि दोन नारळ मोडून आत पडले. ते ट्रकवर पडले. ताडपत्रीच्या लोखंडी कमानी वाकल्या, पण तुटल्या नाहीत, आणि ट्रकच्या आडोशाला बांधलेली गाय वाचली. सकाळी अप्पांनी ट्रकच्या बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "पडल्या पडल्या काम केलंन. आता हिला उभी करू या."

उभी करायला पाच वर्षं लागली. नोकरी सांभाळून रविवार तेवढा मिळायचा, आणि भाताच्या लावणी-कापणीत तोही नाही. काम कसं झालं ते थोडक्यात सांगतो, कारण रंगाचा प्रश्न त्याच कामातून आला.

पहिला महिनाभर आम्ही एकही नट सैल केला नाही. फक्त धुतलं आणि छायाचित्रं काढली. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, कोणता बोल्ट किती लांब आहे, हे वहीत लिहिलं. सुटे भाग बिस्किटांच्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या. मी इंजिनापासून सुरुवात करणार होतो. अप्पांनी थांबवलं. म्हणाले, "आधी ब्रेक. जी थांबत नाही ती गाडी चालू कशाला करायची?" म्हणून पहिलं वर्ष ब्रेक ड्रम, व्हील सिलिंडर आणि पाइप यांत गेलं. मग इंजिन. पिस्टन गंजून सिलिंडरला धरले होते. हातोडी मारायची नाही, असा अप्पांचा हुकूम. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि रॉकेलचं मिश्रण ओतलं आणि वाट पाहिली. दर रविवारी क्रँकच्या नटाला पाना लावून थोडा जोर द्यायचा, हललं नाही तर पुन्हा मिश्रण ओतायचं. चौथ्या रविवारी ते बोटभर हललं. त्या दिवशी घरात पायसम झालं.

व्हॉल्व्ह आम्ही घरीच घासून बसवले. सिलिंडर बोअर करणं आणि काही बुश बनवणं हे काम त्रिचीजवळ तुवाकुडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवर झालं. तिथल्या मिस्त्रींनी आणि इतर बऱ्याच जणांनी सल्ला दिला, की पेट्रोल इंजिन काढा आणि डिझेल बसवा. रोज माल वाहणाऱ्याने ते केलं तर माझी हरकत नाही, खाणीवाल्याला ते परवडलं असतं. पण आमची गाडी महिन्यातून दोन-तीनदा स्वतःच्या शेतात फिरणार होती. तेवढ्यासाठी तिचं काळीज बदलायची गरज वाटली नाही.

गाडी सुरू झाली आणि मग रंगाचा वाद सुरू झाला.

मुलगा तेव्हा सुट्टीवर आला होता. आमच्या डोक्यावरून तंजावरच्या हवाई तळाची सुखोई विमानं जातात. 2020च्या जानेवारीत 222 स्क्वाड्रन सुखोई-30 विमानांसह इथे आलं, तेव्हापासून हा पोरगा आवाज आला की हातातलं टाकून अंगणात पळतो. त्याचं म्हणणं साधं होतं : ट्रक लष्कराचा, तर रंगही लष्कराचा. जुना रंग खरवडताना वर पिवळा निघाला, त्याखाली निळा आणि तळाशी हिरवा. चाकावरच्या पत्र्यावर टायरमधल्या हवेच्या दाबाचा आकडाही पुसट दिसत होता. तो म्हणाला, "बघा, हाच खरा रंग. बाकीचे नंतर लोकांनी फासलेत."

मलाही ते पटलं होतं. मी दुकानात चौकशी करून आलो आणि तिथे एका ओळखीच्या माणसाने नियम सांगितला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, यातल्या नियम 121प्रमाणे संरक्षण दलांच्या वाहनांखेरीज दुसऱ्या कोणत्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही.

घरी येऊन सांगितलं तर मुलाने वकिली केली. "गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. आपल्या वावरात कोण पाहणार आहे? आणि आपण काही फसवायला रंगवत नाही, आजोबांच्या मानासाठी रंगवतो."

हा मुद्दा खरा भावनेचा होता, म्हणून अवघड होता. अप्पा ओसरीवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "गाडीचा हिरवा रंग म्हणजे तिचा गणवेश. मी माझा चौऱ्याऐंशी साली उतरवला. पेटीत आहे. तो घालून मी कधी बाजारात गेलो का?"

मुलगा म्हणाला, "पण प्रजासत्ताक दिनाला तुम्ही मेडल लावता."

"मेडल मला दिलंय. ते माझं आहे, मरेपर्यंत. गणवेश नोकरीचा होता, नोकरी संपली. हिचीही संपली. तिच्या अंगावर तो पुन्हा चढवायचा हक्क मला नाही आणि तुलाही नाही."

वाद तिथे मिटला, पण विचार माझ्या मनात चालू राहिला. अप्पांचं म्हणणं फक्त जुन्या सैनिकाचा हट्ट आहे की त्यात सगळ्यांना लागू पडेल असं काही आहे? मला वाटतं, आहे.

रंग, गणवेश, गाडीवरचं चिन्ह ही शोभेची वस्तू नाही. ती ओळख आहे आणि त्या ओळखीवर कुणीतरी क्षणात निर्णय घेत असतो. फाटकावरच्या संत्रीला गाडी येताना दिसते, तेव्हा विचार करायला त्याच्याकडे काही सेकंदच असतात. 13 डिसेंबर 2001 रोजी संसदेवर हल्ला करणारे अतिरेकी पांढऱ्या अॅम्बॅसिडरमधून आले होते. गाडीवर लाल दिवा होता आणि काचेवर गृहमंत्रालयाचं बनावट स्टिकर. आत शिरायला त्यांनी आधी वापरला तो असा उसना विश्वास. लष्करी दिसणाऱ्या खासगी गाड्या रस्त्यावर वाढल्या, तर खऱ्या गाडीकडे पाहणाऱ्याची नजर सैल पडते. त्याची किंमत रंगवणारा देत नाही, फाटकावरचा जवान देतो.

कपड्यांचंही तेच. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून सैनिकासारखा पोशाख करणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंडविधानाच्या कलम 140 खाली होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली आहे. 15 जानेवारी 2022 रोजी, सेनादिनाला, लष्कराचा नवा लढाऊ गणवेश लोकांसमोर आला. त्या ठिपक्यांच्या नक्षीची लष्कराने आपल्या नावावर नोंदणी करून घेतली, ती याचसाठी. तरीही प्रत्येक आठवडी बाजारात त्यासारखं कापड टांगलेलं असतं आणि आपण पालकच ते मुलांना वाढदिवसाला घेतो. मीही घेतलं होतं. लहान मुलाने ते घातल्याने देश धोक्यात येत नाही, हे मला कळतं. पण त्यातून मूल एक गोष्ट शिकतं, की हे दुकानात मिळतं. कॅडेट मित्रांनो, तुम्हाला तुमच्या गणवेशावरची एकेक पट्टी किती धावून मिळाली ते ठाऊक आहे. ती दुकानात मिळत नाही, म्हणूनच तुम्ही ती जपता.

याविरुद्ध एक चांगला मुद्दा आहे, तो टाळणार नाही. जुन्या वस्तू जपणारे म्हणतील, की मूळ रंग पुसणं म्हणजे इतिहास पुसणं. 2021 साली पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले, त्यांतही गाडी मूळ रूपात जपलेली असावी अशीच अट आहे. ब्रिटनमध्ये हौशी लोक महायुद्धातले ट्रक मूळ रंगात आणि मूळ चिन्हांसह रस्त्यावर चालवतात. मग लष्करी ट्रकचं मूळ रूप हिरव्याशिवाय कसं?

माझं उत्तर असं : मूळ रंगात पाहायचं असेल, तर लष्कर स्वतः जे जपतं ते पाहायला जावं. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रणगाडा संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे आपापल्या रंगात उभे आहेत. ते आर्मर्ड कोअरच्या ताब्यात आहेत, त्यामुळे तिथे रंगाचा मालक आणि वस्तूचा मालक एकच आहे. आमच्याकडे तसं नाही. लिलावात आम्हाला लोखंड मिळालं, ओळख मिळाली नाही. विकण्याआधी लष्कर गाडीवरचे नंबर आणि निशाण्या पुसतं, त्याचा अर्थच तो आहे. आणि इतिहास पुसायचा नसेल, तर त्याला सगळी गाडी रंगवावी लागत नाही. आम्ही ड्रायव्हरच्या सीटखालचा वीतभर पत्रा खरवडून तळाच्या हिरव्यापर्यंत आणला आणि तसाच ठेवला. चाकावरचा हवेचा आकडाही ठेवला. कुणी विचारलं तर सीट उचलून दाखवतो. बाकी सगळ्या गाडीला रेड ऑक्साइड दिला. गंजाविरुद्ध तो द्यावाच लागतो. वर दुसरा रंग देणार होतो, पण अप्पा म्हणाले, "राहू दे. वल्लमच्या मातीसारखी दिसते." तीच ती तांबडी गाडी.

वाकलेल्या कमानी गरम करून सरळ केल्या. जिथे वेल्डिंग केलं तिथला उंचवटा घासून टाकला नाही. तंजावरात बीरंगी मेडूवर नायक राजांच्या काळातली राजगोपाल तोफ आहे, सुमारे पंचवीस फूट लांब. ती ओतीव नाही. लांब लोखंडी पट्ट्यांभोवती लोखंडी कडी तापवून, ठोकून बसवली आहेत, आणि चारशे वर्षांनंतरही ती कडी मोजता येतात. मुलाला मी लहानपणी तिथे नेलं होतं, तेव्हा त्याने ती मोजायला घेतली आणि मध्येच विसरला. केलेलं काम दिसावं, त्याची लाज वाटू नये, हे त्या तोफेपाशी मला कळलं. आमच्या कमानींवरचा सांधा 'गजा'ची आठवण आहे. तो झाकून गाडी नवी दिसली असती, पण ती नवी नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते तोच मुख्य. रंग लष्कराचा राहू द्या. मग लष्करातून आपण काय घेऊ शकतो? ज्याला कोणताही नियम आड येत नाही, अशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे निगा.

लष्करात गाडीच्या तीन परेड असतात. गाडी काढण्याआधी फर्स्ट परेड : तेल, पाणी, हवा, ब्रेक, दिवे. वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड : चाकांच्या हबवर हात ठेवून गरम झालंय का पाहायचं, टायरात खडा अडकलाय का, खाली काही गळतंय का. परत आल्यावर लास्ट परेड : टाकी भरायची, चिखल काढायचा, सैल झालेलं आवळायचं आणि जे बिघडलं ते लिहून ठेवायचं. गाडी पार्क करून ड्रायव्हर जेवायला जातो तेव्हा ती पुन्हा निघायला तयार असली पाहिजे. त्यापलीकडच्या दुरुस्तीसाठी अख्खं ईएमई दल आहे, 15 ऑक्टोबर 1943 रोजी उभं राहिलेलं. पण ड्रायव्हरची परेड ड्रायव्हरनेच करायची. अप्पा सांगतात, सिक्कीममध्ये रात्री हातमोजा काढून थंड लोखंडाला हात लावायचा कंटाळा यायचा. तरी लावायचा, कारण सकाळी मागे बसणाऱ्या माणसांना वाटेत कळून उपयोग नसतो.

हे कुणालाही करता येतं. त्यासाठी भरती व्हावं लागत नाही. माझी शिक्षकांना विनंती आहे, की शाळेच्या वर्कशॉपमध्ये एखादी बंद पडलेली गाडी, निदान एखादं इंजिन, कॅडेटना उघडायला आणि परत जोडायला द्यावं, आणि जोडल्यावर वर्षभर त्याची निगा त्यांच्याकडेच ठेवावी. जोडण्यात मजा असते. निगेत नसते, म्हणून ती शिकवावी लागते. पालकांना म्हणेन, मुलाला ठिपक्यांचा शर्ट घेण्याऐवजी त्याच्या सायकलच्या चेनचं तेल त्याच्यावर सोपवा.

अप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. गाडी चालवत नाहीत. मी चालवतो, ते शेजारी बसतात. बांधावरून फेरी मारून गोठ्यात आलो की मी चावी काढतो आणि ते म्हणतात, "लास्ट परेड?" मग मी खाली उतरून चारही हबना हात लावतो आणि इंजिनाखाली वाकून पाहतो. ते वहीत तारीख घालून लिहितात. गेल्या सुट्टीत हबना हात मुलाने लावला. उजव्या मागच्या चाकाचा हब इतरांपेक्षा गरम आहे, हे त्यालाच आधी कळलं. वहीत तशी नोंद आहे आणि तिच्यापुढे अप्पांनी त्याची सही घेतली आहे.

त्या दिवसापासून त्याने रंगाचा विषय काढलेला नाही. आता वर्गातल्या मुलांनी विचारलं, तर उत्तर त्यानेच द्यावं.